मदत हवी आहे : मूत्राशयाचा कर्करोग आणि आहार, माहितीपत्रकासाठी

गावातल्या शिबिरासाठी एक पानी पत्रक करतोय. पहिली ओळ पक्की आहे: सगळ्यात मोठा धोका विडी-सिगारेटचा, कुठलीही भाजी खाऊन तो भरून निघत नाही. कॉफीवरचा संशय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्येच काढून घेतलाय, त्यामुळे ती गाळली.

अडतंय ते पाण्यापाशी. 1999 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिवसाला अडीच लिटरहून जास्त द्रव घेणाऱ्या पुरुषांत हा कर्करोग बराच कमी दिसला. नंतरच्या काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत नाही. म्हणून ‘कर्करोग टळतो’ असं लिहायचं नाही. पण लिटरचा हिशेब शेतावर कोण करतं? तुमच्याकडच्या तांब्यात, पेल्यात नेमकं किती मिली मावतं, मोजून सांगाल का? शिवाय आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, त्यांना काय सुचवता? (हृदय-किडनीच्या रुग्णांना पाणी डॉक्टरांच्या मापानेच, ही सूचना ठळक देतोय.)

आणखी एक: न दुखता लाल लघवी झाली की ‘बीट खाल्लं असेल’ म्हणून लोक सोडून देतात. बीट खाल्लेलं नसेल तर लगेच तपासणी, हे दोन ओळींत कसं बसवावं?