जपानी मातीच्या चहादाणीत कोणते चहा करावेत?

हिरवंपान:
तोकोनामे या जपानी गावची लाल मातीची चहादाणी (क्यूसू) घेतली आहे. ३०० मिलीची, बाजूला दांडा, आतून झिलई नाही, तोटीच्या मुळाशी मातीचीच बारीक भोकांची गाळणी. घरात सेन्चा (जपानी हिरवा चहा), होजिचा (भाजलेला जपानी हिरवा चहा), दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या तोडणीचा) आणि रोजचा सीटीसी (दाणेदार) चहा आहे. हिच्यात सगळे चालतील की एकच ठरवावा लागेल? आम्ही पुण्यात, सोसायटीत पाणी कधी पालिकेचं, कधी टँकरचं.

मातीकाम:
सीटीसी आधी बाजूला ठेवा. त्याचे दाणे भिजून फुगतात आणि मातीच्या गाळणीची भोकं बुजवतात. शिवाय आपल्याकडे तो दूध-साखर-आलं घालून उकळतात, आणि ही चहादाणी गॅसवर ठेवायचीच नाही, तळ तडकतो. दूध तर आत जाऊच देऊ नका. झिलई नसलेल्या मातीत त्याचा स्निग्धांश मुरला की खवट वास येतो, तो धुऊन जात नाही.

माझा कौल सेन्चाला. ही गाळणी, ही पातळ भिंत वाफवलेल्या हिरव्या पानासाठीच बेतलेली आहे. चहादाणी गरम पाण्याने विसळा. ६ ग्रॅम पान, २०० मिली पाणी, ७० ते ७५ अंश, १ मिनिट. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओता, दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दोनदा पालटून तिसऱ्यांदा चहादाणीत गेलं की ७० च्या जवळ येतं. याहून गरम पाण्यात तुरट द्रव्यं भराभर उतरतात आणि पानातला गोडवा त्यांच्याखाली दबतो. बहुतेकांचा सेन्चा इथेच बिघडतो आणि दोष मात्र पानाला लागतो.

पेल्यांत आळीपाळीने थोडं थोडं ओता, म्हणजे सगळ्यांत कडकपणा सारखा येतो. शेवटचा थेंबही निथळू द्या. आत पाणी राहिलं तर पान भिजत राहतं आणि दुसरा घाणा कडू निघतो. मधल्या वेळात झाकण तिरपं ठेवा, नाहीतर पान वाफेत शिजतं. दुसऱ्या वेळी पाणी ८० अंश, वेळ फक्त १०-१५ सेकंद.

पाकिटावर फुकामुशी लिहिलं असेल तर ते जास्त वाफवलेलं, चुरा झालेलं पान. त्याला ३०-४० सेकंद पुरेत. गाळणी तुंबली तर चहादाणी तिरपी धरून तोटीच्या विरुद्ध बाजूला तळहाताने हलके थोपटा, पान मागे सरकतं.

कोराचहा:
वरच्या कृतीशी सहमत. पण एका चहादाणीत एकच चहा हा नियम तोकोनामेला इतका कडक लावू नये. ही माती घट्ट भाजलेली असते, माठासारखी पाझरत नाही. चहाच्या नावापेक्षा वासाचे गट करा. सेन्चा, बांचा (जून पानांचा हिरवा चहा), कुकिचा (देठांचा चहा) एकाच चहादाणीत खुशाल करा. होजिचा भाजलेला, गेनमाइचात भाजलेले तांदूळ, त्यांचा वास चिकट. त्यांना साधी चिनी मातीची किटली द्या. दोन्हींना उकळतं पाणी आणि ३० सेकंद लागतात, तिथे नाजूक मातीची गरजच नाही. मोगऱ्याचा चहा, अर्ल ग्रे, गवती चहा हिच्यात कधीच नको.

फर्स्ट फ्लश चालेल (४ ग्रॅम, २०० मिली, ९० अंश, अडीच मिनिटं), पण त्याचा फुलांचा वास काचेत किंवा चिनी मातीत जास्त मोकळा येतो.

वास धरलाय का ते असं बघा: कोरड्या चहादाणीत नुसतं गरम पाणी ५ मिनिटं ठेवून चाखा. मागच्या चहाची चव आली तर त्या दोघांची सोयरीक नको.

हिरवंपान:
धन्यवाद. म्हणजे सेन्चा नक्की, होजिचा बाहेर. पुढे ग्योकुरो (सावलीत वाढवलेला हिरवा चहा) घ्यायचा विचार आहे, तो हिच्यात होईल का? आणि पाण्याचं काय करू?

मातीकाम:
ग्योकुरोला ही मोठी पडेल. तो १० ग्रॅम पानाला जेमतेम १०० मिली पाणी, ५० ते ६० अंश, २ मिनिटं असा करतात. ३०० मिलीच्या तळाशी एवढंसं पाणी पसरतं आणि पान अर्धंमुर्धं भिजतं. त्यासाठी १००-१२० मिलीची वेगळी बघा.

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं आणि जड असतं. त्यातल्या कॅल्शियमने रंग मळकट होतो, वर साय धरते, सुगंध दबतो. सेन्चापुरतं फिल्टरचं हलकं पाणी घ्या. मातीने चवीत पडणारा फरक बारीक, पाण्याचा फार मोठा.

कोराचहा:
साबण लावू नका, तो मातीत राहतो. पान काढा, गरम पाण्याने विसळा, झाकण वेगळं ठेवून वाळवा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत रात्रभरात सुकत नाही. पुरी कोरडी होईपर्यंत कपाटात ठेवू नका, आत बुरशी येते. आलीच तर पातेल्याच्या तळाशी फडकं घालून, गार पाण्यात ठेवून, हळूहळू तापवून १५ मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. एकदम गरम-गार केलं तर तडा जाईल.

तोटीच्या टोकाला प्लास्टिकची पारदर्शक नळी असेल तर काढून टाका. ती फक्त वाहतुकीत टोक फुटू नये म्हणून लावलेली असते. ठेवली तर तिच्याखाली चहा साचून काळी बुरशी धरते.