मदत हवी आहे: ७ ते १५ वयाची एकच बॅच, सूर्यनमस्कार कसे बसवायचे?

सात-आठ वर्षांची मुलं एका आसनात तीन-चार श्वासांपलीकडे टिकत नाहीत, त्यांना प्राण्यांची आसनं पटापट देतो. कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि शीर्षासन कुणालाच नाही. खरी अडचण बारा-चौदावाल्यांची. उंची झपाट्याने वाढताना मांडीमागचे स्नायू आखडतात. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकताना) खुब्यातून वाकण्याऐवजी पाठच गोल होते. तिथे बैठकीखाली घडी घातलेलं ब्लँकेट आणि गुडघे किंचित वाकवले की भागतं. पण खूप धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या काहींचा गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखतो आणि सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनासनात (एक पाय मागे, त्याचा गुडघा जमिनीवर) आणि अष्टांगासनात (दोन्ही गुडघे, छाती, हनुवटी जमिनीला) भार नेमका तिथेच येतो. (त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलंय.) मागचा गुडघा उचलून धरायला सांगावं, तर मोठ्यांचं बघून लहानगेही तेच करतात आणि तोल जाऊन पडतात. ताल न मोडता दोघांनाही जमेल असा बदल कुणी वापरतं का?