उपनगरातलं नवं शहर लोकांना खेचतं, की जुनं शहर त्यांना बाहेर काढतं?

मागचा_बाक (धागाकर्ता)
झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरी शहरांचा विषय निघाला की मोकळी हवा, बागा, शांतता, मुलांसाठी चांगलं वातावरण ही यादी हमखास वाचली जाते. बिल्डरच्या माहितीपत्रकात ती शोभते. माझ्या मते लोक तिथे जातात कारण मुख्य शहरात त्यांना परवडत नाही. शहरांतल्या जागेच्या भावांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अलोन्सोने १९६४ मध्येच याचं गणित मांडलंय. केंद्रापासून लांब जाल तसा जागेचा भाव उतरतो आणि येण्या-जाण्याचा खर्च चढतो; दोन्हींचा मेळ बसेल तिथे माणूस घर घेतो. तेवढ्याच पैशात मध्यवर्ती भागात तीन खोल्या मिळत असत्या तर किती जण बागेसाठी बाहेर गेले असते? याला आकर्षण काय म्हणायचं, ही हप्त्यांवर घेतलेली हकालपट्टी आहे.

नवी_किल्ली
साफ असहमत. स्वस्ताई हेच कारण असतं तर शहराच्या चारही बाजूंना वस्ती सारखीच वाढली असती. प्रत्यक्षात सारख्याच अंतरावरच्या दोन गावांपैकी एक फुगतं आणि दुसरं आहे तिथेच राहतं. शाळा, पाणी, कर, कारभार बघून लोक पायांनी मतदान करतात, म्हणजे पटेल त्या गावी राहायला जातात, हा अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबूचा मुद्दा तर १९५६ चा, म्हणजे तुमच्या अलोन्सोच्याही आधीचा.

शिवाय एक गोष्ट तुमच्या गणितात बसत नाही. जुन्या वस्तीत आम्ही कायम 'ते भाड्याने राहणारे' होतो. नव्या इमारतीत पहिल्या महिन्यात लिफ्टमध्ये कुणाच्या हातात पडद्याचा दांडा, कुणाच्या हातात गुंडाळलेली गादी. अख्ख्या मजल्यावर ड्रिल एकाकडेच, त्यामुळे तो आठवडाभर घरोघर भोकं पाडत फिरला आणि सगळ्यांची ओळख झाली. मूळचे कोण, उपरे कोण हा प्रश्नच नाही, कारण सगळेच उपरे. मला तरी हे फार मोठं आकर्षण वाटतं.

गणिताचा_कागद
'सगळेच उपरे' हे ऐकायला गोड आहे, पण आत कुणाला घेतलं जातं तेही बघा. न्यूयॉर्कजवळचं लेविटटाउन घ्या. १९४७ पासून काही वर्षांत तिथे सतरा हजारांहून जास्त घरं उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज होतं, हातातून जवळजवळ काही न घालता घर मिळत होतं, म्हणून रांगा लागल्या. आणि सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना तिथे राहायला चक्क बंदी होती. म्हणजे भाव आणि आवड या दोन्हींच्या आधी धोरण येतं. कर्ज कुठल्या घराला आणि कुणाला सहज मिळतं ते सांगा, गर्दी कुठे होणार ते मी सांगतो.

नवी_किल्ली
बंदीबद्दल दुमत नाही, तो कलंकच आहे. पण सोपं कर्ज मिळालं म्हणून कुणी न आवडणाऱ्या ठिकाणी आयुष्य काढत नाही.

उभा_प्रवास
काढतात हो, रोज काढतात. जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवर स्टुटझर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आहे. ज्यांचा कामावर जायचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. मोठं घर किंवा जास्त पगार यांनी ती भरपाई व्हायला हवी होती, ती झालेली दिसली नाही.

कारण उघड आहे. घर बघायला आपण जातो रविवारी सकाळी. रस्ता मोकळा, सोबत घरचे, बाल्कनीतून लांबवर दिसतंय. सोमवारी सकाळी त्याच रस्त्यावर काय असतं, ते ताबा घेतल्यावर कळतं. मग 'रस्ता रुंद होणार आहे' हे गाजर. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी वीसहून जास्त मार्गिका. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता वाढतो तशी त्यावरची वाहतूकही वाढते, हे ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलंय.

मागचा_बाक
बघा, हाच माझा मुद्दा.

उभा_प्रवास
नाही, तुमचा नाही. तुम्ही म्हणता लोक हिशोब करून जातात. मी म्हणतो हिशोब चुकवून जातात.

चौथी_पाळी
तुम्ही सगळे एक गृहीत धरून बसलात, की काम मधल्या शहरातच असतं. व्हर्जिनियातल्या टायसन्समध्ये राहणाऱ्यांच्या कितीतरी पट लोक नोकरीला येतात, आणि ते वॉशिंग्टनचं उपनगर आहे. कंपन्यांनाही जागा परवडावी लागते, त्याही बाहेर सरकतात. एबेनेझर हॉवर्डच्या उद्याननगरीच्या कल्पनेतून १९०३ मध्ये इंग्लंडमधलं लेचवर्थ उभं राहू लागलं, त्या आराखड्यात घरांबरोबर कारखान्यांनाही जागा होती. ज्या उपनगरात काम पोचलं ते शहर झालं. बाकीची रात्री झोपायच्या जागा. माझं काम घरापासून चालत जाण्यासारखं आहे, त्यामुळे वरचा जर्मन अभ्यास वाचून मला काहीच दुखलं नाही. :)

गणिताचा_कागद
+१. थोडं अवांतर: झपाट्याने वाढलेल्या शहरात सगळं एकाच वयाचं असतं. पाइप, गटारं, रस्ते आणि माणसंही. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून तरुण कुटुंबं राहायला आली. पुढे मुलं मोठी होऊन निघून गेली, शाळा बंद पडत गेल्या, आणि लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतींचे जिने चढायला म्हातारी माणसं उरली. आज नवं म्हणून जे खेचतं, त्याचं दुरुस्तीचं बिलही एकदमच येतं.

नवी_किल्ली
येऊ दे की. ज्यांची मुलं आज पहिलीत आहेत त्यांनी पन्नास वर्षांनंतरच्या जिन्याचा विचार करून घर घ्यायचं ठरवलं, तर ते कुठेच घेणार नाहीत. प्रश्न होता लोक का जातात. पुढे शहराचं काय होतं यावर वेगळा धागा काढा, तिथे कदाचित मी तुमच्याच बाजूने लिहीन.