मदत हवी आहे: गाडीचे बेल्ट घरीच बदलायचेत

मंडळी, मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) आणि एसीचे दोन्ही बेल्ट स्वतः बदलायचेत. पावसाळ्यात सकाळी स्टार्ट केली की चर्रर्र आवाज येतो आणि एसी लावला की वाढतो, बेल्टच्या रिब्सवर (आतल्या बाजूच्या उभ्या पट्ट्यांवर) आडव्या भेगा स्पष्ट दिसतायत. अल्टरनेटरच्याच बेल्टवर वॉटर पंपपण आहे, म्हणजे तो ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ट्रॅफिकमध्ये तुटला तर चार्जिंग बंद आणि इंजिन पण तापणार, म्हणून आता थांबायचं नाहीये.

एसीचा बेल्ट बाहेरच्या बाजूला आहे म्हणजे आधी तोच काढावा लागणार, ते ठीक. पण एसीच्या आयडलर पुलीचा (बेल्ट ताणायच्या चाकाचा) बोल्ट वरून हाताला येतच नाही, चाक आणि आतलं प्लास्टिक कव्हर काढून खालून जाता येईल का? जॅकवर भरवसा ठेवून आत हात घालणार नाही, स्टँड आणतोय, बॅटरीची निगेटिव्ह वायरपण काढणार.

जुन्या बेल्टवर ४पीके (म्हणजे चार रिब्सचा) एवढंच वाचता येतंय, पुढे मिमीमधली लांबी असते ती पुसली गेलीय. दोरी फिरवून माप घेतलं तर चालेल, की कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट्सच्या दुकानात जुना बेल्टच घेऊन जाऊ?

आणि मुख्य म्हणजे बेल्टचं टेन्शन (ताण). ते मोजायचं गेज नाहीये, अंगठ्याने दाबून बघायचं तर नवीन बेल्टला नक्की किती ढील ठेवता? जास्त ताणला तर अल्टरनेटर आणि पंपाचं बेअरिंग जाईल याची खरंच भीती वाटतेय. थोडं चालवून परत ताणता का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.