एकेरी संपली की त्याच कोर्टवर महिला दुहेरी: मधल्या वेळात काय काय बदलायचं? (इंदूर)

पलासियाकर
क्लबवर जानेवारीत महिलांची १५ हजार डॉलर बक्षिसाची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा आहे, हार्ड कोर्ट. दुहेरीचा ड्रॉ १६ जोड्यांचा, म्हणजे १५ सामने, आणि तेही बहुतेक एकेरी आटोपल्यावर त्याच कोर्टवर. कोर्टची मांडणी आणि हाताने पलटायचा स्कोअरबोर्ड माझ्याकडे. बोर्डावरची मुलं कॉलेजची आहेत, टेनिस टीव्हीवर पाहिलेलं. नेटचं नेमकं काय करायचं? दुहेरीचा स्कोअर वेगळा असतो म्हणतात, तो कसा? आणि संध्याकाळच्या दवाचं काय?

सेंटर_स्ट्रॅप
ताई, आधी सिंगल्स स्टिक काढा. या दोन काठ्या एकेरीच्या साईडलाईनपासून ०.९१४ मीटर बाहेर असतात आणि तिथे नेट १.०७ मीटरवर उचलून धरतात. दुहेरीत त्या राहिल्या तर लाईनीलगत मारलेल्या फटक्याला नेट हवं त्यापेक्षा उंच पडतं, आणि ही चूक पहिल्याच गेममध्ये खेळाडूच दाखवून देतात.

काठ्या काढल्या की नेटचा ताण बदलतो, म्हणून मधली उंची पुन्हा मोजायची: ०.९१४ मीटर. आधी खांबाच्या हँडलने केबल ताणा, मग मधला पट्टा ओढा. उलट केलंत तर पट्ट्यावर सगळा भार येतो, बकल सरकतं आणि दुसऱ्या सेटपर्यंत नेट वर आलेलं असतं. टेप हाताशी नसेल तर एक रॅकेट उभी आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं, अंदाज येतो. पण सामन्याआधी टेपच हवी, रॅकेटचा जुगाड सरावापुरता.

काढलेल्या काठ्या कुंपणाशी टेकवून ठेवू नका, लॉबमागे (डोक्यावरून उंच मारलेल्या बॉलमागे) पळणारी खेळाडू थेट तिथेच पोचते. बाकावर दोनाऐवजी चार खुर्च्या, चार टॉवेल, पाणीही दुप्पट. बस.

दोन_नंबर_कोर्ट
स्कोअरबद्दल. मुलांनी टीव्हीवर ग्रँड स्लॅम पाहिलं असणार, गोंधळ तिथूनच सुरू होतो. सानिया मिर्झा-मार्टिना हिंगीसने २०१५ ची विम्बल्डन फायनल तिसरा सेट ७-५ असा पूर्ण खेळून जिंकली. तुमच्याकडे तिसरा सेटच नाही. एक-एक सेट झाला की १० गुणांचा मॅच टायब्रेक, म्हणजे आधी १० गुण करणारी जोडी सामना जिंकते, पण दोन गुणांची आघाडी हवीच. त्यामुळे बोर्डावर १५-३०-४० च्या पाट्या पुरणार नाहीत, १, २, ३ अशा एकेक गुणाच्या पाट्या लागतील, पुढे दोन आकडीही. १३-११ सहज होतं, तेव्हा निदान १५ पर्यंत करून ठेवा.

दुसरा फरक ड्यूसचा. ४०-४० झाले की ॲडव्हांटेज नाही, एकाच गुणावर गेम. उजवीकडून सर्व्हिस घ्यायची की डावीकडून, हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. मात्र जागांची अदलाबदल करता येत नाही. उजवी बाजू निवडली तर सेटभर उजवीकडे रिसीव्ह करणारीच घेणार. बोर्डावरचा मुलगा सवयीने ‘ॲड’ची पाटी लावतो, तेव्हा ती पाटीच पेटीतून काढून ठेवा.

लॉबमास्टर
मॅच टायब्रेक म्हणजे नवा सेटच, म्हणून त्याआधी नवे बॉल तयार ठेवा.

दोन_नंबर_कोर्ट
नाही भिया, इथे नेमकं उलट आहे. बदलायची पाळी आलेली असली तरी मॅच टायब्रेकआधी बॉल बदलत नाहीत. नव्या सेटसारखं मिळतं ते एवढंच: १२० सेकंदांचा ब्रेक, आणि जोडीत आधी कोण सर्व्हिस करणार, कोण कुठल्या बाजूला रिसीव्ह करणार, हे पुन्हा ठरवायची मुभा. सर्व्हिसची पाळी कोणत्या जोडीची, हे मात्र आधीच्याच क्रमाने चालतं.

पलासियाकर
सर्व्हिसचा क्रम चुकला तर? चौघींत मुलांना कळणार कसं?

बेसलाईन_४५२
सोपी खूण आहे. एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू कायम एकाच टोकाकडून सर्व्हिस करते. पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात, मग दर दोन गेमनंतर, आणि चौघींचा क्रम फिरत राहतो, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो. मुलाने वहीत चार नावं आणि प्रत्येकीपुढे टोक लिहावं, ‘क्लबहाऊस’ किंवा ‘रस्ता’. पहिल्या चार गेमनंतर कुणी दुसऱ्याच टोकाकडून सर्व्हिसला उभी दिसली की चूक. जोड्याही याचा फायदा घेतात: उन्हाकडे तोंड करून सर्व्हिसचा बॉल वर उडवायचा त्या टोकाला, ऊन जिच्या डोळ्यांवर येत नाही तिला पाठवतात. डावखुरी असेल तर बहुतेक तिलाच.

चूक दिसली तर मुलांनी ओरडायचं नाही, निर्णय चेअर अंपायरचा. नियम असा: गेम चालू असताना लक्षात आलं तर जिची पाळी ती लगेच सर्व्हिस करते, झालेले गुण कायम. जोडीतल्याच दोघींची अदलाबदल झाली असेल तर आधीचा फॉल्टही (चुकलेली सर्व्हिस) कायम. गेम संपल्यावर कळलं तर बदललेलाच क्रम पुढे चालतो. रिसीव्ह करणाऱ्या दोघींच्या बाजू चुकल्या तर तो गेम तसाच संपवायचा आणि त्यांच्या पुढच्या रिसीव्हिंग गेमपासून मूळ बाजूंवर परत. टायब्रेकमध्ये सम गुणांनंतर चूक सापडली तर लगेच दुरुस्ती, विषम गुणांनंतर सापडली तर क्रम तसाच.

अजून एक, कारण प्रेक्षक यावरून हमखास वाद घालतात: सर्व्हिस टप्पा पडायच्या आत रिसीव्हरच्या जोडीदाराला लागली तर गुण सर्व्हिस करणाऱ्यांचा. स्वतःच्याच जोडीदाराच्या पाठीत बसली तर फॉल्ट. नेटला चाटून रिसीव्हरच्या जोडीदाराला लागली तर लेट, म्हणजे ती सर्व्हिस पुन्हा.

सेंटर_स्ट्रॅप
दवाचं राहिलं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर लाईटखाली दुहेरी चालली तर रंगवलेल्या लाईनी सगळ्यात आधी ओलसर होतात, बाकी कोर्ट कोरडं वाटतं. म्हणून तळवा लाईनीवर ठेवून बघा, कोर्टवर नको. दुहेरीत दोघी नेटजवळ एकदम थांबतात आणि वळतात, त्यामुळे सर्व्हिस बॉक्स आणि ट्रॅमलाईन (एकेरी आणि दुहेरीच्या साईडलाईनींमधली पट्टी) आधी पुसा. रबरी वायपर पाणी ढकलतो, दव उचलत नाही. त्याला कोरडा सुती टॉवेलच गुंडाळा, आणि असे सात-आठ टॉवेल ठेवा, दोनदा पुसल्यावर टॉवेलच ओला होतो. बॉलची लोकरही ओल धरते, बॉल जड होतो, तो भाग स्पर्धेच्या सुपरवायझरवर सोडा.

एकेरी खेळून आलेल्या मुलीला दुहेरीआधी विश्रांती द्यावीच लागते, ती वेळही सुपरवायझरकडूनच आदल्या संध्याकाळी लिहून घ्या. नाहीतर कोर्ट तयार, चार खुर्च्या मांडलेल्या, आणि खेळाडू तीनच.