एकशे चाळीस मिनिटांची घरगुती चित्रफीत एका डीव्हीडीवर कशी बसवावी?

कोयनाकाठ:
नमस्कार. २००६ साली आमच्या आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन झाले, त्याचे चित्रीकरण मिनीडीव्ही कॅसेटवर होते. त्या कॅसेट फायरवायर केबलने संगणकावर उतरवून घेतल्या आणि संकलन करून १४० मिनिटांची चित्रफीत तयार केली. आमचे बरेचसे नातेवाईक चिपळूण आणि संगमेश्वर भागात असतात. त्यांपैकी वडीलधाऱ्या मंडळींकडे टीव्हीला जोडलेले जुने डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहेत आणि तेच त्यांच्या सवयीचे आहेत, म्हणून प्रत्येक घरी डीव्हीडी द्यायचे ठरले आहे.

अडचण अशी की, डिस्कच्या वेष्टनावर ४.७ जीबी छापलेले असले तरी संगणक तिची क्षमता ४.३७ जीबीच दाखवतो, आणि डीव्हीडी तयार करणारे सॉफ्टवेअर माझ्या प्रकल्पाला सुमारे साडेसहा जीबी लागतील असे सांगते. चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, ५००० किलोबिट आहे आणि ध्वनी पीसीएम, म्हणजे न आवळलेल्या, स्वरूपात आहे. ‘डिस्कवर मावेल असे करा’ असा एक पर्याय सॉफ्टवेअरमध्ये दिसतो, तो वापरावा का? की दुहेरी थराची डिस्क घ्यावी? ओवाळण्याचा प्रसंग आणि आजोबांचे मनोगत यांतले काहीही कापण्याची माझी तयारी नाही.

दृश्यमुद्रा:
प्रथम क्षमतेविषयी. वेष्टनावरचे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट्स. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून त्याला तीच जागा ४.३७ दिसते. डिस्कमध्ये खोट नाही.

आता तुमचे साडेसहा जीबी कुठून आले ते पाहू, कारण उत्तर त्यातच आहे. चित्राचे ५००० आणि ध्वनीचे १५३६ मिळून सेकंदाला ६५३६ किलोबिट होतात. १४० मिनिटांचे ८४०० सेकंद धरून गुणाकार केला आणि आठाने भागले, की ६८६ कोटी बाइट्स येतात. चित्र आणि ध्वनी एकत्र गुंफताना त्यात दोन-तीन टक्के भर पडते. यातला पीसीएम ध्वनी एकटा १६१ कोटी बाइट्स, म्हणजे डिस्कचा तिसरा हिस्सा, खातो. कॅमेऱ्याच्या अंगच्या मायक्रोफोनने टिपलेले मंत्रोच्चार, गप्पा आणि भाषणे यांसाठी एवढी जागा देण्याचे काहीच कारण नाही. ध्वनी डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३, स्वरूपात १९२ किलोबिटवर घ्या. तो २० कोटी बाइट्समध्ये बसतो आणि डीव्हीडी प्लेअरला हे स्वरूप वाचता येतेच.

तेवढ्याने भागणार नाही, हे खरे. मेनू, गुंफणीची भर आणि कडेला सोडायची थोडी मोकळी जागा मिळून ३५ कोटी बाजूला काढले, ध्वनीचे २० कोटी वजा केले, तर चित्रासाठी ४१५ कोटी बाइट्स उरतात. त्यांचा बिटरेट सेकंदाला ३९०० किलोबिटच्या आसपास येतो. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरा, एन्कोडिंग (चित्र आवळून डीव्हीडीच्या स्वरूपात आणणे) दोन फेऱ्यांचे आणि बदलत्या बिटरेटचे ठेवा, आणि कमाल मर्यादा ८००० च्या वर नेऊ नका. पहिल्या फेरीत कोणत्या दृश्याला किती बिट लागतील याचा अंदाज घेतला जातो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार वाटणी होते, त्यामुळे स्थिर दृश्यांतून वाचलेली जागा हलत्या दृश्यांना मिळते.

‘मावेल असे करा’ हा पर्याय कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फायलींपासून नव्याने एन्कोड करत असेल तर हरकत नाही. मात्र एकदा तयार झालेल्या एमपीईजी-२ (डीव्हीडीवरच्या चित्राचे स्वरूप) फायलींनाच तो पुन्हा आवळत असेल, तर तो टाळा, कारण पहिल्या एन्कोडिंगमध्ये आलेले दोष दुसऱ्या वेळी आणखी ठळक होतात.

सोनकी:
वरचे गणित बरोबर आहे, पण या चित्रीकरणासाठी मी ३९०० वर समाधान मानणार नाही. स्टुडिओतल्या, तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्राला तेवढे पुरते. घरातल्या समारंभाचे चित्रीकरण हातात कॅमेरा धरून आणि ट्यूबलाइटच्या उजेडात झालेले असते. अंधाऱ्या कोपऱ्यांत दाणे दिसतात, आणि एन्कोडरला ते दाणे आणि खरी हालचाल यांतला फरक कळत नसल्यामुळे बरेच बिट त्यांच्यावरच खर्च होतात. ओवाळण्याचा प्रसंग तर सर्वांत कठीण: निरांजनांच्या ज्योती सतत हलतात, चेहऱ्यावरचा उजेड प्रत्येक चौकटीत बदलतो, मधूनच फोटो काढणाऱ्याचा फ्लॅश चमकतो. बिट अपुरे पडले की नेमक्या त्याच क्षणी चेहऱ्यावर चौकोनी ठिपके उमटतात. जे दृश्य तुम्हाला कापवत नाही, तेच सर्वांत आधी बिघडेल.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की दोन साध्या डिस्क करा. पहिलीवर धार्मिक विधी आणि ओवाळणे, दुसरीवर मनोगत, भाषणे आणि पंगत. पहिला भाग ७५ मिनिटांचा धरला तरी चित्राला सेकंदाला ७००० किलोबिट सहज देता येतात, आणि मग ज्योतींची काळजी उरत नाही. पूजेनंतर स्वाभाविक विराम असतोच. ज्येष्ठ मंडळी एका बैठकीत सव्वादोन तास क्वचितच पाहतात.

दुहेरी थराच्या डिस्कची क्षमता ८.५ जीबी असल्यामुळे हिशेबाने ती पुरेल, पण जुने प्लेअर ती कधी वाचत नाहीत, तर कधी थर बदलताना अडखळतात. संगमेश्वरला पाठवलेली डिस्क चालली नाही तर तिथे जाऊन दुरुस्त कोण करणार?

आणखी एक. पाल, म्हणजे भारतातल्या टीव्हीच्या, पद्धतीचे मिनीडीव्ही चित्र इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असते, आणि त्यात खालची फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये इंटरलेस्ड आणि ‘खालची फील्ड आधी’ असेच निवडा. हा क्रम उलटला तर चालणारी माणसे झटके खात पुढे-मागे होताना दिसतात. संगणकाच्या पडद्यावर हा दोष बहुधा लक्षात येत नाही. टीव्हीवर लगेच दिसतो.

कोयनाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. ध्वनीचा भार एवढा असेल याची कल्पना नव्हती. ओवाळण्याची दोन मिनिटे दोन्ही बिटरेटवर एन्कोड करून पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर टीव्हीवर पाहिली. ३९०० वर आजोबांच्या कपाळावरचे कुंकू गालाकडे पसरल्यासारखे दिसते आणि मागची भिंत थरथरते. ७००० वर दोन्ही स्वच्छ आहेत. दोन डिस्क करायचे नक्की केले. लिहिताना कोणता वेग ठेवावा, आणि डिस्कवर नावाचे स्टिकर लावले तर चालेल का?

दृश्यमुद्रा:
स्टिकर लावू नका. तो थोडासा बाजूला चिकटला तरी डिस्कचा तोल जातो, आणि कालांतराने त्याची कड सुटून प्लेअरमध्ये अडकू शकते. मऊ टोकाच्या, डिस्कसाठीच्या पेनने मधल्या कड्याजवळ नाव आणि वर्ष लिहावे.

वेग ४ किंवा ८ पट पुरे. आधी संगणकावर आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एकच फाइल) तयार करा, ती प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये उघडून मेनूची सर्व बटणे तपासा, आणि मग त्याच फाइलवरून सर्व प्रती लिहा. प्रत्येक प्रतीनंतर ‘पडताळणी’ चालू ठेवा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि वाचनाचे दोष बहुधा बाहेरच्या कडेला येतात, म्हणूनच वर मोकळी जागा सोडायला सांगितले होते. शेवटी ‘फायनलाइज’ (लेखन पूर्ण करून डिस्क इतर प्लेअरना वाचण्याजोगी करणे) करायला विसरू नका, नाहीतर डिस्क तुमच्या संगणकावर चालेल आणि चिपळूणच्या प्लेअरवर नाही.

सोनकी:
डीव्हीडी तयार झाल्यावर मूळ डीव्ही फायली पुसू नयेत, अशी विनंती. तासाला साधारण १३ जीबी या हिशेबाने तुमचे संकलित चित्रीकरण ३० जीबीच्या आसपास भरेल, आणि आजच्या हार्ड डिस्कवर एवढी जागा काहीच नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत प्रती ठेवा. कॅसेटही जपून ठेवा, पण त्या वाचणारा चालू कॅमेरा मिळणे दरवर्षी अवघड होत चालले आहे, त्यामुळे न उतरवलेली एखादी कॅसेट शिल्लक असेल तर तिचे काम आधी करा.