विषय: पुन्हा प्रोसेसरचे पैसे (न्यू जर्सीवाले, आधी वाचा!)

मंडळी, मीटिंगला हो म्हटलेल्यांपैकी निम्म्यांचे पैसे अजून यायचेत. ज्या पोरासाठी जमवतोय त्याचं ऐकू येण्याचं ऑपरेशन सरकारच्या बाल श्रवण योजनेत झालं, कानाच्या आत बसवलेलं इम्प्लांट ठणठणीत आहे, गेलाय तो कानामागचा प्रोसेसर (आवाज आत पोचवणारं मशीन) आणि वॉरंटी संपलीये, नवा लाखांत जातो. अमेरिकावाल्यांनी मंडळाच्या खात्यात कृपया एक रुपया टाकू नका, आपल्याकडे विदेशी देणगीच्या कायद्याची परवानगी, म्हणजे एफसीआरए नाही.
– खजिनदार

> एफसीआरए नाही
गणपतीला दुबईहून पैसे आले तेव्हा कुठे गेला होता कायदा? आणि मदत निधी मेंबरांसाठी आहे, तो आम्ही काढला तेव्हाच ठरलं होतं. पोराच्या बापाने वर्गणी कधी भरली?
– नाना

नाना, पोरगं सहा वर्षांचं आहे, वर्गणीचं नंतर बघू. मी माझ्या इंदूरच्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांचं खातं) रुपयात देतो, मग तर झालं?
– दादा, एडिसन (न्यू जर्सी)

नाही झालं दादा. दुबईवाले भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांची कमाई विदेशी धरत नाहीत. तुम्ही तिकडचे नागरिक झालात, आता रुपयात द्या नाहीतर डॉलरात, विदेशीच. बापाच्या खात्यातही टाकू नका. 2020 पासून एफसीआरएचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच काढावं लागतं, इथे ऑडिटला कोणी बसत नाही, ते कोण करणार? हां, पोराचा सख्खा मामा टोरांटोला आहे, तो बहिणीला वर्षाला 10 लाखांपर्यंत पाठवू शकतो, सरकारला कळवायचीही गरज नाही. पण स्वतःचे. सगळ्यांचे गोळा करून त्याच्या नावाने पाठवायची आयडिया कोणी काढू नका भिया.
– खजिनदार

तेच लिहिणार होतो, राहू दे.
– दादा

मोठा आकडा जमवताना मशीनच्या सेलचं कोणी धरत नाही. आमच्या भाचीच्या मुलाला 675 नंबरचे लागतात, स्टिकर काढून मिनिटभर हवेला ठेवायचे मगच घालायचे, घाई केली की लवकर उतरतात. शिवाय पावसाळ्यात रात्री मशीन ड्राय बॉक्समध्ये ठेवावं लागतं नाहीतर घामाने नि ओलीने खराब होतं. वर्षभराचे सेल माझ्याकडून. आणि इथले पैसे बापाकडे नको, कोटेशनवर थेट कंपनीला द्या, पावती मंडळाच्या नावे.
– लोकमान्य नगरच्या काकू

पावती मंडळाच्या नावे म्हणजे निधीतूनच धरणार ना? मग ठराव लागेल.
– नाना

काकू, तो ड्राय बॉक्स दवा बाजारात मिळेल का? आमच्या आईच्या मशीनलाही पाहिजे.
– सुदामा नगर